तिकडची सोनोग्राफी

दवाखान्यातले किस्से फ्रिजच्या दारात साठलेल्या मलमाच्या ट्यूबांसारखे असतात. सगळ्या अर्ध्या पिळलेल्या. टाकवत नाहीत, आणि पाहुण्याने फ्रिज उघडला तर लाजही वाटते. माझ्याकडे असा ढीग झालाय, म्हणून आज दार उघडतेच. माझी लेक हे वाचेल अशी भीती नाही. ती हैदराबादेत वाढली. मराठी फाडफाड बोलते, पण दोन ओळी वाचायच्या म्हटलं की तिला घाम फुटतो. तेव्हा मोकळेपणी लिहायला काही हरकत नाही!

मी रेडिऑलॉजिस्ट. म्हणजे सोनोग्राफीवाली बाई. तीस वर्षं लोकांच्या पोटांवर जेल ओतलं. मग आमच्या हॉस्पिटलात एक छोटा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा दांडा, आला, खास त्वचा बघायचा. खोलवरचं त्याला काही दिसत नाही, पण वरचे चार-पाच मिलिमीटर असे दिसतात की कातडीचा थर न् थर मोजून घ्या.

आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर रिझवाना. माझी जुनी मैत्रीण, पुराण्या शहरातली, तोंडाची फटकळ. तिच्या ओपीडीत पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या बायका यायच्या. योनीच्या बाहेरच्या त्वचेला खाज, पांढरे चट्टे, चिरा, जळजळ. वर्षानुवर्षं कोणी बुरशी म्हणालेलं, कोणी शुगर म्हणालेलं, कोणी 'वय झालं अम्मा' म्हणालेलं. काहींना नुसता कोरडेपणा असायचा, तर काहींना लायकेन स्क्लेरोसस नावाचा चिवट आजार. रिझवाना मला म्हणाली, "वैजू, तेरा ये छोटा प्रोब गालां पो चलता तो इधर कैकू नई चलता? कातडी बोले तो कातडी!"

आम्ही दोघी मोठ्या सरांकडे गेलो. मोठे सर म्हणजे आमचे डायरेक्टर, तेलुगू गृहस्थ; त्यांचं बोलणं इथे मी मराठीत सांगतेय. माणूस वाईट नाही, पण सर्जन. जे कापता येत नाही त्याच्यात त्यांचा जीव रमत नाही. ते म्हणाले, "वयानुसार थोडी खाज येतेच मॅडम. आमच्या घरी पण म्हणतात. त्यासाठी सोनोग्राफी? आणि कोण बाई येणार हो?"

त्या प्रोबवर तिसऱ्या मजल्याचा डोळा होता. तिसरा मजला म्हणजे कॉस्मेटिकवाले. त्यांना चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मोजायच्या होत्या. शेवटी सरांनी तोड काढली. सहा महिने प्रोब आमच्याकडे. बायका आल्या आणि खरोखर काही उपयोग झालेला दिसला, तर कायमचा आमचा. नाही तर तिसरा मजला!

माझं डोकंच फिरलं. चेहऱ्याला निदान आरसा तरी आहे. या बायकांची ती जागा त्यांनी स्वतः कधी बघितलेली नाही, डॉक्टरांनी धड बघितलेली नाही, आणि सहा महिन्यांत मी सगळं सिद्ध करून दाखवायचं. मी म्हटलं, "ठीक आहे सर." मला राग आला की मी अशीच सभ्य बोलते.

*

मशीन शिकवायला कंपनीचे एक इंजिनियर आले. पन्नाशीचे, टाय लावलेले, अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांनी स्वतःचा हात पुढे करून मनगट दाखवलं, गाल दाखवला, कपाळ दाखवलं. "कुठल्याही त्वचेवर चालतं मॅडम, एनी स्किन!" असं चार वेळा म्हणाले.

मी म्हटलं, "छान. आम्ही कुठल्या त्वचेवर वापरणार ते सांगते."

सांगितलं.

ते गृहस्थ ग्लासभर पाणी प्यायले. मग खुर्ची उलटी फिरवली, भिंतीकडे तोंड केलं, आणि पुढचं सगळं ट्रेनिंग भिंतीला दिलं! "जेलचा थर जाड ठेवा मॅडम... प्रोब टेकवायचा नाही, नुसता तरंगता ठेवायचा... दाबलं तर कातडी चपटी होते आणि माप चुकतं..." खोलीत पेशंट नव्हतीच. टेबलावर एक उशी होती. तरी त्यांनी शेवटपर्यंत मान वळवली नाही.

पण शिकवलं उत्तम. 'दाबायचं नाही' हा त्यांचा मंत्र आजही आमच्या खोलीत चालतो. जाताना दारात थांबून, जमिनीकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, माझी आई अडुसष्टची आहे. तिला आणू का?"

आमची पहिली अपॉइंटमेंट भिंतीनेच दिली म्हणा ना!

*

आता अडचण अशी, की रोगट कातडी ओळखायची तर आधी निरोगी कातडी कशी दिसते ते माहीत हवं. पाळी गेल्यावर चांगलीसुद्धा कातडी पातळ होतेच. मग पातळ म्हणजे किती पातळ? आमच्या मशीनवर, आमच्या हाताने काढलेलं एक तरी नॉर्मल चित्र पाहिजे.

रिझवानाने विचारलं, "नार्मल कौन है यहाँ?"

मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस. नॉर्मल असल्याचा आरोप तीस वर्षांच्या संसारात माझ्यावर कोणी केलेला नाही."

तेवढ्यात पडदा सरकवून यादम्मा पुढे आली. यादम्मा म्हणजे आमची आयाबाई. वय साठीच्या आसपास, पाळी कधीच गेलेली, आणि हॉस्पिटल आपल्याच जिवावर चाललंय याबद्दल तिला तिळमात्र शंका नाही. ती म्हणाली, "मेरेकू कुछ तकलीफ नई मॅडम. मेरा लेलो."

आम्ही तिला सगळं नीट समजावलं, सही घेतली, आणि चित्र काढलं. काय सुंदर चित्र आलं! वर लख्ख पांढरी रेघ, खाली भरीव, एकसारखा उजळ थर. रिझवानाने सोनार मोती बघतो तसं बघितलं आणि म्हणाली, "माशाल्ला!"

त्या दिवसापासून यादम्माची चाल बदलली. एखादी बाई टेबलावर घाबरून विचारायची, "बहुत खराब है क्या?" मी तोंड उघडायच्या आत यादम्मा तिच्या कपाळावर हात ठेवून सांगायची, "डरो नक्को अम्मा. अब्बी मेरे से मिलाके देखते."

*

'सोनोग्राफी' म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी पाणी पितो. हा आता संस्कारच झालाय. आम्ही चिठ्ठीवर तीन भाषांत लिहिलं होतं, 'पाणी पिण्याची गरज नाही.' पण चिठ्ठी वाचायची ही काही आपली पद्धत नव्हे.

विद्यानगरहून एक काकू आल्या. आमच्याच गल्लीतल्या, देशपांडे काकू म्हणू या, खरं आडनाव सांगत नाही. घरून निघताना दोन बाटल्या पाणी, वाटेत सूनबाईंच्या सल्ल्याने नारळपाणी, आणि लॉबीत आल्यावर 'असू दे' म्हणून आणखी एक ग्लास. त्या दिवशी नेमका मला उशीर झाला. मी आले तेव्हा काकू कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून उभ्या होत्या आणि देवाचं नाव घेत होत्या.

मी म्हटलं, "काकू, याला पाणी लागत नाही हो! ही वरच्या कातडीची तपासणी आहे."

काकूंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. "आत्ता सांगतेस?" एवढंच म्हणाल्या आणि सुटल्या.

दहा मिनिटांनी परत आल्या. चेहऱ्यावर शांती. टेबलावर आडव्या झाल्या, मला म्हणाल्या, "वैजू, मशीन मात्र झकास आहे हं तुझं. हात लावायच्या आधीच निम्मं बरं वाटलं!"

*

सोनोग्राफीच्या प्रत्येक खोलीत एक बोर्ड लावावाच लागतो, की इथे गर्भाचं लिंगनिदान होत नाही, तो गुन्हा आहे. कायदाच आहे. आमच्याही खोलीत तो टेबलासमोरच टांगलाय.

एकाहत्तर वर्षांच्या एक बाई आडव्या पडल्या पडल्या तो अथपासून इतिपर्यंत वाचत होत्या. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि अगदी गंभीरपणे मला म्हणाल्या, "नाही विचारणार हो. जे असेल ते असू दे, बापडं!"

हसता हसता माझा हात हलला आणि चित्र बिघडलं. परत काढावं लागलं.

*

दुसरा महिना संपत आला होता आणि बायका येत होत्या त्या चिमूटभर. तिसऱ्या मजल्यावरचा एक डॉक्टर लिफ्टमध्ये भेटला की गोड हसून विचारायचा, "मॅडम, प्रोब ठीक आहे ना?" दुसऱ्याच्या सासूची तब्येत विचारावी तसा! आम्हाला एखादी जोरदार केस हवी होती.

आणि ती आली, बेगम बाजारहून. घरचा मसाल्याचा होलसेल धंदा, खात्यापित्या घरची बाई. मी जेल लावलं, प्रोब धरला आणि बघतच राहिले. कातडीच्या वर, एकदम वर, झगझगीत पांढरा पट्टा आणि त्याच्याखाली काळ्या सावल्याच सावल्या. असलं चित्र मी कुठे बघितलं नव्हतं. पुस्तकात नाही, कॉन्फरन्समध्ये नाही.

मी रिझवानाला ओपीडीतून बोलावून घेतलं. ती अर्धी ओपीडी टाकून आली. आम्ही दोघी स्क्रीनला नाक लावून उभ्या. चुना साठलाय का? नवीनच काही आजार आहे का? मी मनात पेपरचं नाव ठरवत होते. आधी तिचं नाव टाकायचं की माझं, इथपर्यंत मजल गेली होती!

यादम्मा जेल पुसायचा कागद घेऊन शेजारी उभी होती. ती वाकली, बोटाने थोडं जेल उचललं, उजेडात धरलं.

"मॅडम, ये पसुपु है," ती म्हणाली. पसुपु म्हणजे तेलुगूत हळद.

बाई टेबलावरून म्हणाल्या, "हौ, हल्दी. रोज रात कू लगाती मैं. दुकान की है, एकदम प्युअर!"

हळदीचा मस्त जाड लेप आणि त्यावर आमचं जेल. दोन डॉक्टरांची मिळून साठ वर्षांची प्रॅक्टिस, आणि निदान केलं यादम्माने बोटाने. धुऊन पुसून परत बघितलं तर खाली साधा कोरडेपणा निघाला. रिझवानाने औषध लिहून दिलं आणि जाताना बाईंना सांगितलं, "हल्दी सालन में डालो अम्मा." सालन म्हणजे रस्सा.

पुढच्या वेळी बाई आल्या त्या बऱ्या होऊन, आणि हळदीचा एक डबा घेऊन. सालनसाठी!

*

इकडे येणारी बाई घरी खरं सांगत नाही, हे एव्हाना आम्हाला कळून चुकलं होतं. सांगणार तरी काय? त्या जागेला मराठीत 'तिकडं', दक्खनीत 'उधर', तेलुगूत 'अक्कड'. तिन्ही भाषांत नुसती दिशा! त्यामुळे घरी बायकांनी एकमताने ठरवून टाकलं होतं, गुडघ्याची सोनोग्राफी. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. आमच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या बायकांच्या घरी गुडघेच दुखत होते.

एक वकीलसाहेब होते, रिटायर झालेले. तीन पिढ्यांची वकिली, अंगावर कडक इस्त्री, हातात फाईल. पत्नीला घेऊन आले. पत्नीच्या त्वचेवर त्या आजाराची सगळी लक्षणं होती. चट्टे, चिरा, सगळं. आम्ही तपासून बाहेर आलो तर वकीलसाहेब पेन उघडून उभे.

"डॉक्टर, गुडघा कुठला? उजवा की डावा?"

पत्नी त्यांच्या मागे उभी होती. तिने रिझवानाकडे असे हात जोडले की बघवेना. पेशंटने सांगू नका म्हटल्यावर सांगायचं नसतं. पण समोर वकील, आणि रिझवाना खोटं बोलत नाही. नमाजी बाई.

"दोनों के बीच में है, वकील साब," रिझवाना शांतपणे म्हणाली.

वकीलसाहेबांनी फाईलवर काहीतरी लिहिलं. मग मान हलवून म्हणाले, "तरीच! ऑर्थोपेडिकवाल्याला सापडत नव्हतं!"

त्यांच्या पत्नीच्या कातडीचा एक बारीकसा तुकडा काढून रिझवानाने तपासायला पाठवला होता. एका जागी चित्र तिला पटलं नव्हतं. तिचा नियमच आहे तो. "मशीन गवाह है वैजू, इसकू जज नक्को बनाओ." तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर होण्याच्या आधीची पायरी निघाली, आणि वेळेवर निघाली. छोट्या शस्त्रक्रियेत काम भागलं.

नंतर एकदा बाई एकट्याच आल्या. म्हणाल्या, "मी यांना सांगितलं सगळं. रडले. मग म्हणाले, चाळीस वर्षं उलटतपासणी घेतली लोकांची, घरातल्या साक्षीदाराला कधी काही विचारलंच नाही."



*

पण बाकं खऱ्या अर्थाने भरली ती अंबिकाबाईंमुळे. अंबिकाबाई मूळच्या बीदरकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा नोकरीसाठी हैदराबादेत आला, तेव्हापासून इथल्याच. बोलणं मात्र गावाकडचं, खणखणीत. नऊ वर्षं खाज. नऊ वर्षं ट्यूबा. शेवटी शेवटी घरच्यांनी, आणि एका डॉक्टरनेसुद्धा, सांगून टाकलं होतं की मनाचा खेळ आहे.

टेबलावर पडल्या पडल्या त्या मला म्हणाल्या, "सून म्हणती, सासूबायला नाद लागलाय. कामधंदा नसला की असंच व्हतं म्हणती."

मी प्रोब धरला. पांढऱ्या रेघेच्या खाली, जिथे यादम्माच्या चित्रात भरीव उजळ थर होता, तिथे अंबिकाबाईंच्या कातडीत काळाभोर पट्टा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. शेजारी यादम्माचं चित्र लावलं.

"हे काळं दिसतंय ना, तो तुमचा आजार. कातडीच्या आत आहे. नऊ वर्षांचा आहे."

त्यांनी एकदा हे चित्र बघितलं, एकदा ते. डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं, पुसलं नाही.

"म्हंजे हाय."

"आहे ना."

"डोस्क्यात न्हाई."

"अजिबात नाही."

मग त्या कोपरावर उठल्या आणि म्हणाल्या, "तर मंग लिहून द्या बाई. मोठ्या अक्षरात लिहा. सुनंला चष्मा हाय!"

मी लिहून दिलं. इतक्या मोठ्या अक्षरात रिपोर्ट मी जन्मात लिहिला नव्हता. अर्ध्या पानात एक वाक्य!

रिझवानाने स्टिरॉइडचं मलम दिलं, किती आणि कुठे लावायचं ते आरसा हातात देऊन शिकवलं. तीन महिन्यांनी तो काळा पट्टा अर्ध्यावर आला होता, आणि खाज गेली होती. अंबिकाबाईंनी नवं चित्र मागून घेतलं, जुन्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि आपल्या भजनी मंडळात फिरवलं! होय, भजनी मंडळात. पुढच्या मंगळवारी तीन रिक्षा भरून बायका उतरल्या. पुढे स्वतः अंबिकाबाई. वॉचमनने विचारलं, कुठे जायचं? मला वाटलं, आता 'गुडघे' ऐकू येणार.

"तिकडची सोनोग्राफी करायची हाय," अंबिकाबाई सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "हात करून दाखवू का?"

वॉचमनने सलाम ठोकून लिफ्टचं दार धरलं.

त्यानंतर कॉरिडॉरमध्ये बाकं कमी पडायला लागली. यादम्माने वर्दी दिली, "मॅडम, अब टोकन छापो. नई तो झगडे होतें." टोकनं छापली. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत टोकन बघून मला कधी इतका आनंद झाला नव्हता, खोटं कशाला बोलू!

*

आणि मग सहा महिने संपले. मीटिंग लागली.

मोठं लांबलचक टेबल, मोठे सर मधे, तिसऱ्या मजल्याचे तिघे एका बाजूला, मी आणि रिझवाना दुसऱ्या. सरांनी निरोप दिला होता की वाटलं तर एखाद्या पेशंटला आणा. आम्ही कुसुमताईंना विचारलं आणि त्या लगेच हो म्हणाल्या.

कुसुमताई म्हणजे जामबागच्या एका जुन्या शाळेतल्या रिटायर झालेल्या भूगोलाच्या बाई. त्यांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या चिरा इतक्या खोल होत्या, की पाच मिनिटं टेकलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. झोपता यायचं, उभं राहता यायचं, बसणं तेवढं नाही. मग त्या बसायच्याच बंद झाल्या. उभ्याने जेवायच्या, उभ्याने पेपर वाचायच्या, बसमध्ये सीट मिळाली तरी दुसऱ्याला द्यायच्या. कोणी विचारलं तर सांगणार काय? एकदा हळदीकुंकवाला एका बाईने विचारलं, "व्रत आहे का हो?" कुसुमताईंनी सुटल्यासारखं 'हो' म्हटलं. झालं! त्या दिवसापासून गल्लीत त्यांचं मोठं नाव झालं. केवढं खडतर व्रत, केवढी तपश्चर्या! शेजारच्या बायका परीक्षेला जाणाऱ्या मुलांना आणून त्यांच्या पाया पडायला लावायच्या. ताई उभ्याच असायच्या, त्यामुळे पाय सापडायलाही सोपे!

सात वर्षं हे चाललं. आमच्या खोलीत पहिल्यांदा आल्या तेव्हा यादम्माने स्टूल पुढे केलं, तर म्हणाल्या, "नको, माझं व्रत आहे." मग टेबलावर आडव्या झाल्या आणि चित्रात ते व्रत आम्हाला दिसलं. पुढे मलम, तपासणी, पुन्हा चित्र, पुन्हा मलम. हे सगळं त्या सहा महिन्यांतच.

तर मीटिंग. तिसऱ्या मजल्याने आधी बोलून घेतलं. स्लाईडवर स्लाईड, चेहऱ्यावर चेहरे. कपाळ आधी, कपाळ नंतर. संपता संपेना. कुसुमताई टेबलाच्या टोकाला, हॉलमधल्या त्या कडक लाकडी खुर्चीवर, पदर खांद्यावरून घेऊन, शाळेत इन्स्पेक्शनला असावं तशा ताठ. मधे चहा आला, तोही त्यांनी घेतला.

मग माझी पाळी. मी चित्रं दाखवली. काळा पट्टा, मग करडा, मग जवळजवळ यादम्मासारखा. थर आधी इतका, नंतर इतका. मला वाटलं, जिंकलं!

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, चित्रं फार छान आहेत. काळ्याचं करडं झालं, मान्य. शून्य पॉइंट अमुक मिलिमीटर, तेही मान्य. पण पेशंटला काय फरक पडला? आय मीन, चेहरा सुधारला तर दिसतो. हे कोणाला दिसणार?"

तिसऱ्या मजल्याचा तो लिफ्टवाला डॉक्टर गोड हसला. मी पॉइंटर परत काळ्या पट्ट्यावर नेला. सहा महिने, एवढ्या बायका, आणि मी परत मिलिमीटरच सांगायला लागले. रिझवाना उठायला लागली तर तिचा हात कोणीतरी धरला. कुसुमताईंनी.

कुसुमताईंनी कप बशीत ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, सरांना कळावं म्हणून दक्खनीत म्हणाल्या,

"साब, इस कुर्सी पो मैं पौन घंटे से बैठी हूँ."

 सरांनी चष्मा परत लावला. मग समोरच्या कागदावरची पेशंटची हिस्टरी त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतली. सावकाश वाचली. वाचून झाल्यावर पेनला टोपण लावलं आणि तिसऱ्या मजल्याला तेलुगूत एवढंच सांगितलं, की तुम्ही तुमच्यासाठी दुसरा प्रोब बघा.

कुसुमताईंनी पदर सारखा केला, खुर्चीला नीट पाठ टेकवली आणि विचारलं,

"और बैठूँ क्या?"